भुईची सरी

हळद शिजायला लागली की हिंगोलीत कुणी कुणाला सांगत नाही. आमच्या कॉलनीच्या मागं अजून शेतं आहेत, त्यांचे प्लॉट पडायचेत. माघ अर्धा सरला की एखाद्या सकाळी गॅलरीचं दार उघडावं आणि तो वास आत शिरावा. ओली माती, लाकडाचा धूर, आणि त्याच्या खाली काहीतरी कडसर, औषधी. बदलून आलेले लोक म्हणतात, किती छान वास हो मॅडम. मी हो म्हणते. यंदा तो वास आला तसं मी दार लावलं, कडी घातली, आणि आधी आत जाऊन बघितलं, अक्काला आला का.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी एवढीशी होते. अक्कानं माझ्या वेण्या घातल्या, माझ्या डोक्यातल्या उवा काढल्या, आणि लग्न होऊन ती सासरी निघाली त्या दिवशी मी तिच्या गाडीमागं कुठवर पळाले ते आमच्या गावातली म्हातारी माणसं अजून सांगतात. मी पुढं लग्न केलं नाही. का, ते विचारायचं नाही, मी सांगत नसते. नोकरी संपली, दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट झाला, आणि उरलेली वर्षं अक्का आणि मी एका छताखाली काढावी एवढी एकच गोष्ट मला हवी होती. गेल्या दिवाळीत ती आली. हा एक हळदीचा हंगाम तिला न कळता निघून गेला की ती कायमची माझी, असं मी मनाशी धरलं होतं. पण हिंगोली जिल्ह्यात हळदीचा हंगाम लपवायचा म्हणजे काय! कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?

मी इंग्रजी शिकवायचे. शब्दांची कुळं काढायचा मला नाद आहे. सोयरीक जुळवताना लोक मुलाचं गाव, मामेकुळ विचारतात, तसं मी शब्दाला विचारते, बाबा, तू कुणाचा, कुठून आलास, वाटेत कुणाच्या घरी राहिलास. एकदा वर्गात कुरुंद्याच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हळदीला टर्मरिक काहून म्हणतेत?" तिनं नाही विचारायचं तर कुणी? तिच्या नखांतला पिवळा रंग उन्हाळ्यापर्यंत जात नसे. मी म्हटलं, उद्या सांगते. उद्या सांगते म्हणणाऱ्या मास्तरणीवर पोरं विश्वास ठेवत नाहीत, पण मी त्या संध्याकाळी खरंच जाडा कोश काढून बसले.

टर्मरिक हा शब्द मुळात इंग्रजांचा नाही. त्यांनी तो जुन्या फ्रेंचमधून उचलला आणि फ्रेंचांनी मध्ययुगातल्या लॅटिनमधून. तिथं त्याचं रूप आहे टेरा मेरिटा. टेरा म्हणजे भुई. मेरिटा म्हणजे ज्या घरातून आपलं मेरिट आलं तेच घर. पोरगं मेरिटमध्ये आलं म्हणून आपण पेढे वाटतो ना, ते मेरिट. लायक भुई. गुणाची माती. आता हळदीला माती काहून म्हणावं? मला वाटतं, त्या लोकांनी हळदीचं शेत कधी पाहिलंच नसणार. त्यांच्यापर्यंत पोचायची ती भुकटी, पिवळी, मातीच्या वासाची. त्यांना ती कुठल्यातरी लांबच्या मुलखातली मौल्यवान माती वाटली असेल. पण हे माझं मत. कोशानं त्या जागी फक्त 'बहुधा' लिहिलेलं. एवढा मोठा कोश, सगळ्या शब्दांची सात पिढ्यांची नावं सांगणारा, पण हळदीपाशी येऊन त्यानं हात वर केलेले.

मी तिथंच थांबायला हवं होतं. नादिष्ट माणूस थांबत नाही. मी मेरिटच्या मागं गेले. त्याचं लॅटिन क्रियापद म्हणजे मिळवणं, कमावणं. त्याच्याही मागं, लिहिणं माहीत नसलेल्या माणसांच्या काळातलं एक मूळ विद्वानांनी अंदाजानं बांधलेलं आहे, त्याचा अर्थ वाटा मिळणं, वाटून देणं. त्या मुळाची एक लेक ग्रीकांच्या घरी दिलेली. तिचा अर्थ आधी हिस्सा, आणि मग नशीब. आपणही म्हणतोच की, ज्याच्या त्याच्या वाट्याला आलं. मी कोश मिटला. सगळं उलगडत मागं गेलं तर हळदीच्या नावात निघत होता भुईचा वाटा. घरात मी एकटी. मी उठून सगळे दिवे लावले, कारण हे दोन शब्द मी आधी ऐकलेले होते, आणि ते कुठल्या कोशात ऐकलेले नव्हते.

अक्काचं शेत कुरुंद्याच्या अलीकडं. गावातलं घर तिनं मुलाला, गजाननला दिलं होतं आणि आपण आखाड्यावर राहायची. आखाडा म्हणजे आमच्याकडं शेतातलं घर. दोन खोल्या, वर पत्रे, पुढं गोठा. हळद काढायला घेतली की सगळं रान खणायचं, पण पार टोकाला, बांधावरच्या लिंबाखालची शेवटची सरी तशीच सोडायची. तिला कुदळ लावायची नाही. तिचं नाव भुईची सरी. अक्काला ती सासूनं दाखवली, सासूला तिच्या सासूनं. तिथली पानं आपोआप वाळून पडायची, पावसाळ्यात आपोआप उगवायची, खाली काय वाढलंय ते कुणी कधी बघितलं नाही. पूजा नाही, नारळ नाही, काही नाही. "आपुन समदं नेतो. उलीसं तिला नको का?" एवढंच अक्काचं म्हणणं.

कोशात सापडलेलं मी तिला सांगायला गेले तेव्हा ती पाला कापत होती. मी मोठ्या उत्साहानं म्हटलं, "अक्का, हळदीच्या इंग्रजी नावाचा अर्थ पार मुळाशी भुईचा वाटा असा निघतो."

तिनं विळा थांबवला नाही. "मग? दुसरं काय निघंल?"

"अगं, ती माणसं कुठली, आपण कुठले. त्यांना कुणी सांगितलं?"

"तिनंच सांगितलं आसंल," अक्का म्हणाली. "ती काय एकट्या आपल्याच जिल्ह्यात हाय व्हय?"

 मला माझ्या शोधाचं कौतुक करून घ्यायचं होतं, ते राहूनच गेलं.

त्याच्या पुढच्या वर्षीचा हंगाम मात्र माझ्या मनातून जात नाही. त्या वर्षी भुई बोलत होती. आमच्या वसमत-औंढ्याच्या पट्ट्यात जमिनीतून आवाज येतो हे आता सगळ्यांना माहीत आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं आभाळ गडगडलं. तो वर बघतो, तर वर लख्ख ऊन. आवाज खालून येतो. लांबून निघतो, पायाखालून जातो आणि पुढं कुठंतरी थांबतो. आधी भांड्यांना कळतं. मांडणीवरची ताटं एकमेकींना हळूच लागतात, मग कुत्रं उठून उभं राहतं, आणि मग माणसाला कळतं. साहेब लोक आले, यंत्रं लावून गेले. म्हणाले, लहान धक्के आहेत, घाबरू नका, पण मातीच्या भिंतीजवळ झोपू नका. अक्काच्या खोलीची मागची भिंत मातीची, आणि तिची बाज त्याच भिंतीला लागून.

एका दुपारी मी तिच्याकडं जेवायला बसले होते. वरण वाढलं होतं. तो आवाज लांबून निघाला, आणि माझ्या ताटातल्या वरणावर बारीक बारीक वर्तुळं उमटली. मी उठून थेट अंगणात. आत बघते तर अक्का घास चावतेय.

"ये, जेव," ती म्हणाली. "काही न्हाई. पोट बोलून राहिलं तिचं."

मला तेव्हा हसू आलं. मी परत जाऊन जेवलेसुद्धा.

त्याच महिन्यात मी अक्काला मोतीबिंदूसाठी हिंगोलीला आणलं. ऑपरेशन नीट झालं. ती माझ्याकडं काळा चष्मा लावून बसलेली असताना तिकडं गजाननं हळद काढायला घेतली. मजूर मिळेनात म्हणून त्यानं ट्रॅक्टरचं काढणी यंत्र सांगितलं. ट्रॅक्टरवाला लांबचा, त्याला बिचाऱ्याला काय माहीत. गजानन चहा आणायला गावात गेलेला. यंत्र बांधापर्यंत गेलं आणि लिंबाला वळसा घालूनच फिरलं. भुईची सरी निघाली. वेचणाऱ्या बायका मागून आल्या, त्यांनी ती बाकीच्या ढिगात टाकली, आणि ढिगातून ती युसूफभाईच्या कुकरमध्ये गेली. युसूफभाई दर हंगामात वसमतहून कुकर घेऊन येतो. चाकावरची लोखंडी टाकी, खाली जाळ, आत वाफ. गजाननच्या लक्षात आलं तेव्हा सगळ्या रानाची हळद शिजून खळ्यावर पसरलेली, आणि त्यातली भुईची कुठली ते कुणाला सांगता येईना.

त्याचा फोन आला तशा आम्ही निघालो. अक्का जीपमधून उतरली ती थेट बांधावर गेली. रिकाम्या सरीजवळ उभी राहिली. मला वाटलं आता गजाननची काही धडगत नाही. तिनं वाकून मूठभर माती उचलली, हुंगली, खाली टाकली. मग खळ्यावर आली, शिजलेल्या हळदीचं टोपलं भरलं आणि परत निघाली.

"माय, काय करून राहिलीस?" गजानन मागं धावला.

"तिचं तिला देऊन राहिले."

"आगं मग बेणं लाव. कच्चे गड्डे ठिवलेत की सावलीला."

"बेणं मपलं हाय. तिचं हे हाय."

युसूफभाईला हसू आवरेना. जाळ मागं ओढता ओढता तो म्हणाला, "बाई, शिजी हुई हल्दी कब्बी उगती क्या?"

अक्कानं त्या काळ्या चष्म्यातून त्याच्याकडं बघितलं. "उगवायला कुठं देऊन राहिले, युसूफभाई? खायला देऊन राहिले."

त्यानंतर तोही हसला नाही. गजाननं सरी उकरली, अक्कानं आणि मी हळद पुरली. बाहेरून सुरकुतलेली, आतून अजून मऊ. पुरताना गजाननच्या हातून दोन ठिकाणी टोपलं कलंडलं, तिथं जास्त पडली. आपण काय करतोय, असं मला सारखं वाटत होतं. शिकलेली बाई मी, उकडलेली हळद मातीत घालतेय. पण अक्काचं तोंड बघून मी वर माती ओढत राहिले.

मागच्या भिंतीला तेव्हा भेग पडलेली होती. बोट जाईल एवढी. मी अक्काच्या मागंच लागले, चल माझ्याकडं, इथं राहू नको, मला रात्र रात्र झोप येत नाही तुझ्या काळजीनं.  शेवटी ती म्हणाली, "आषाढात बघू. सरी उगवली तर तिनं मपलं देणं घेतलं, मग मी हितंच. न्हाई उगवली तर तिचं माझं तुटलं. मग येते तुझ्याकडं."

मी लगेच बरं म्हटलं. मनातून तर उड्याच मारल्या. शिजलेली हळद उगवत नाही हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. शिजवतातच मुळी कोंब मरावा म्हणून. मी हिंगोलीला येऊन तिच्यासाठी कॉट घेतली, गादी घेतली, उशीला फुलाफुलांचा अभ्रा शिवला.

आषाढात गजाननचा फोन आला. नुसतं म्हणाला, "मावशी, येऊन बघ."

सरी उगवली होती. इथं एक, तिथं एक अशी नाही; या टोकापासून त्या टोकापर्यंत. कर्दळीसारखी रुंद पानं, बाकीच्या रानातल्या हळदीपेक्षा गर्द. वारा पडलेला, तरी पानं हलत होती, पण त्याला मी फार अर्थ लावला नाही. मी गजाननला समजावलं की यंत्रातून बारीक तुकडे सुटतात, जमिनीतच राहतात, ते उगवले असणार. तो व्हय म्हणाला. मग खाली बघून म्हणाला, "पर मावशी, टोपलं कलंडलं व्हतं ना दोन जागी, तिथं दाट हाय बघ." मला ते बघायचं नव्हतं. मी बघितलं. दोन जागी दाट होती.

अक्काला काही नवल वाटलं नाही. मी तिला पुन्हा पुन्हा विचारलं, हे कसं झालं, कसं झालं. ती म्हणाली, "कच्चं काय अन् शिजलेलं काय, तिला एकच. मेलं आसं आपुन म्हणतो. ती कुठं म्हणती?"

मी घरी येऊन कॉट उभी करून भिंतीला लावली. फार रडले त्या दिवशी. आपण पैजेत हरलो याचं नव्हे. अक्का तिकडं खूश दिसत होती याचं.

पुढच्या पावसाळ्यात बांधाजवळची जागा मोकळी राहिली आणि हळदीची एक रांग रानाच्या मधोमध उगवली, जिथं गजाननं त्या वर्षी हरभऱ्यासाठी रान मोकळं सोडलं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी ती गोठ्याजवळ आली. नांगरानं ओढली असंल, असं गजानन म्हणायचा. मीही म्हणायचे. नांगरानं ओढलेली हळद अशीतशी विखरून येते. ही रांगेनं यायची, बांधाशी होती तेवढीच लांब, तेवढीच सरळ. आखाड्याकडं तोंड करून एखादी पंगत बसावी तशी. मी जायचे तेव्हा तिच्या कडेनं चालायचे, अंगाला पान लागू द्यायचे नाही. अक्का बाजेवर बसून तिच्याकडं बघत असायची. एकदा म्हणाली, "सरकून राहिली बघ. माझ्याकडं येऊन राहिली."

"तुला भ्या नाही वाटत?"

"भ्या काहून? इतकी वर्सं मी गेले तिच्याकडं. आता तिनं आलेलं चालतं की."

गेल्या पावसाळ्यात ती रांग मागच्या भिंतीला लागून उगवली. भेगेतून एक पान खोलीत आलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि दिवाळीच्या तोंडावर, सकाळी, अक्का पुढं गाईजवळ असताना भुई जोरात बोलली आणि ती भिंत तिच्या बाजेवर पडली. बाजेचे पाय मोडले. गजानन त्या मातीत बसून लहान लेकरासारखा रडला. त्यानं अक्काचे पाय धरले, सूनबाईनं धरले, मी धरले. ती आली. जीपमध्ये बसल्यावर सगळा रस्ता मागं बघत होती. मी म्हटलं, काही राहिलं का? म्हणाली, "तिला सांगून न्हाई आले मी."

ते दिवस, खरं सांगते, माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. सकाळी मी चहा करायची, अक्का भाकरी. ती माझ्या पिकल्या केसांना तेल लावायची. संध्याकाळी मी तिला शब्दांच्या गोष्टी सांगायची. लॅटिनमध्ये टेरा, त्यावरून अमुक, त्यावरून तमुक. ती ऐकायची आणि मधेच फरशीवर पाय दाबून बघायची. एकदा विचारलं, "खाली कोन राहतं गं?"

"भाडेकरू आहेत. बँकेतले."

"त्यायच्या खाली?"

"कोणी नाही. गाड्या लावतात."

"त्याच्या खाली?"

मी म्हटलं, "सिमेंट." तिनं मान हलवली आणि पुन्हा पाय दाबला. लहान मुलाला थोपटतात तसा, हळू.

यंदा माघात गजाननचा फोन आला. पडलेल्या भिंतीची माती हलवायला घेतली होती त्यानं. "मावशी, त्या सरीची पानं वाळली म्हनून उकरून बघितलं," तो म्हणाला. "तिला कुदळ लावायची न्हाई, म्हाईत हाय मला. पर बघितलं. खाली काहीच न्हाई. गड्डा न्हाई, मूळ न्हाई. वर पानं व्हती अन् खाली नुसती माती."

"कुणी काढून नेली असेल."

"माती हाललेली न्हाई, मावशी. बराबर बसलेली हाय."

मी त्याला म्हटलं, अक्काला सांगू नको. आणि मनात म्हटलं, गेली एकदाची. संपलं. त्या दिवशी मी शिरा केला. अक्का म्हणाली, आज काय? मी म्हटलं, असंच.

मग तो वास यायला लागला आणि मी दारं लावून बसू लागले. अगरबत्ती लावायची, लसणाची फोडणी द्यायची. अक्का गॅलरीत जायची नाही. मला वाटलं, जमलं.

गॅलरीत माझी मोगऱ्याची एक कुंडी आहे. तिची माती मी स्वतः नर्सरीतून पिशवीतून आणलेली. अक्काच्या शेतातलं ढेकूळही तिच्यात नाही. त्या सकाळी पाणी घालायला गेले तर मोगऱ्याच्या बुडाशी एक पान. अजून न उलगडलेलं, सुरळी झालेलं, पोपटी. मी शेतकऱ्याच्या घरात वाढलेय, मला ते पान ओळखायला शब्दकोश लागत नाही. हा पानं वाळायचा महिना. या दिवसांत हळद जमिनीत झोपलेली असते, ती उगवत नाही. मी दार मागं ओढून घेतलं, खाली बसले आणि ते पान बुडापासून धरून उपटलं.

माती सहज सुटली. खालून हळकुंड आलं. कडक, सुरकुतलेलं, शिंगासारखं. शिजवून उन्हात वाळवलेलं हळकुंड हातात घेतलं की कळतं, ते जड लागतं. त्याच्या कुशीतून एक कोवळं, ओलं बोट फुटलेलं, आणि त्यातून ते पान. मी ते बोट मोडलं. रस माझ्या तळव्यावर आला. तेवढ्यात मागं दार वाजलं आणि मी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"काय करून राहिलीस?"

"गवत काढलं मोगऱ्यातलं."

अक्का माझ्यासमोर बसली. पदराखालून तिनं माझा हात काढला. मी सोडवून घ्यायला बघितलं, पण तिच्या हातात अजून फार बळ आहे. लहानपणी जेवायच्या आधी हात धुतलेत का ते ती हुंगून बघायची, तसा तिनं तो हुंगला. हळदीचा हात लपत नाही. तळवा, बोटं, नखं, सगळं पिवळं.

"कच्ची का शिजलेली?" तिनं विचारलं.

मला खोटं बोलता आलं नाही. "दोन्ही," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. कुणीतरी आपलं माणूस लांबून चालत आलंय, असा तिचा चेहरा झाला. मी रडत होते, तिला म्हणत होते, अक्का, नको जाऊ, मला कुणी नाही गं. तिनं माझे डोळे पुसले, मग माझ्या मुठीतून ते हळकुंड काढून घेतलं, मोगऱ्याच्या बुडाशी बोटानं खड्डा केला, त्यात ते ठेवलं आणि वरून माती दाबली.

"हे कशाला?" मी म्हटलं. "जातेच आहेस तर घेऊन जा ते."

"ही माझी न्हाई," अक्का म्हणाली. "माझी तिकडं वाट बघून राहिली आसंल. ही तुझ्या वाट्याची हाय."

दुसऱ्या दिवशी मीच तिला आखाड्यावर सोडून आले. गजाननं मागच्या बाजूला पत्रे ठोकलेत, बाज नवी विणलीय. मी निघाले तेव्हा ती चप्पल काढून त्या मोकळ्या मातीवर उभी होती आणि माझ्याकडं बघून हसत होती.

हळदीचा वास अजून येतो. आता मी दार उघडं ठेवते. कोश कपाटात आहे, तो काढायचा धीर होत नाही. तळव्याचा पिवळा रंग साबणानं गेलेला नाही. मोगरा वाळला, कारण मी त्या कुंडीत पाणी घालणं बंद केलंय. आज सकाळी त्यात दुसरं पान आलं.